बुन्योनीच्या पाण्यात टक्कर

"अहो, बाजूला व्हा ना!"

"झालो असतो हो... पण ही डोंगी माझं ऐकतच नाहीये!"

आणि धाडकन दोन्ही डोंग्या एकमेकींवर आदळल्या. केम्बाबाझीचं वल्हं पाण्यात पडलं. ते पकडायला समोरचा लांब हातांचा तरुण वाकला, तर त्याची टोपीच तळ्यात गेली!

"कुठे निघालात?" वल्हं तिच्या हाती देत त्याने विचारलं.

"त्या बेटावर. तुम्ही?"

"मीही. सकाळचा चहा घेऊन निघालोय... अजून इथेच गोल गोल फिरतोय."

"करता काय एरवी?"

"म्बाराराच्या शाळेत भूगोल शिकवतो. मुगुमे माझं नाव."

"अगंबाई! भूगोलाच्या मास्तरांना बेट सापडेना?"

ती खळखळून हसली. आणि हसता हसता दचकलीच. आपल्याला अजून असं हसता येतं?

कंपालाच्या इस्पितळात ती परिचारिका होती; घरचे तिला केमी म्हणायचे. दोन महिन्यांपूर्वी तिचं लग्न मोडलं होतं. नवऱ्या मुलाने रीतीप्रमाणे तिच्या बाबांना द्यायच्या गाई ठरल्या होत्या, मांडव पडला होता, अन् ऐनवेळी नवऱ्या मुलाचा निरोप आला — मला जमणार नाही. तेव्हापासून ती मान खाली घालून कामावर जायची, मान खाली घालून घरी यायची. शेवटी तिच्या जोव्हियाताईने तिला ओढतच या बुन्योनी तळ्याकाठच्या हॉटेलात आणलं. "खायचं, झोपायचं, पाण्याकडे बघत बसायचं. त्या मेल्याचं नाव काढलंस तर याद राख!"

मुगुमेही त्याच हॉटेलात उतरला होता; टक्कर झाल्यापासून दोघं रोज गप्पा मारत बसू लागली. चौथ्या संध्याकाळी टेकड्यांवरून धुकं पाण्यात उतरलं. गवती छपराच्या व्हरांड्यात ज्वारीचा आंबूस बुशेरा पीत जोव्हियाताईसह तिघं बसली होती. तेवढ्यात मॅनेजरबाई सांगत आल्या — उद्या पाहुण्यांची डोंग्यांची शर्यत! बेटाला वळसा घालून परत यायचं.

"बक्षीस आमचंच," शेजारच्या टेबलावरचे कंपालाचे वकीलसाहेब मिशीवर ताव देत म्हणाले. "हे मास्तर तर तळ्यातच म्हातारे होतील!"

सगळे हसले. केमीचे कान तापले. तिच्यावरही लोक असेच हसले होते.

"आम्हीही उतरतोय," ती एकदम म्हणाली. "मी आणि मास्तर. एका डोंगीत."

मुगुमे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "बुडालो तर?"

"पोहता येतं ना?"

"येतं."

"मग मला वाचवा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाला बसल्यावर गंमत कळली. तिची डोंगी डावीकडे वळायची, त्याची उजवीकडे. दोघं एकत्र बसली, तर डोंगी सरळ निघाली! उन्हं पाण्यावर चमचमत होती. तो मागून म्हणाला, "केमी... हे सुटीपुरतंच आहे का गं?"

ती वल्ह्यावरून ओघळणारं पाणी बघत राहिली. "मला भीती वाटते, मुगुमे. पुन्हा मांडव पडेल, पुन्हा लोक जमतील... आणि नवरा मुलगाच आला नाही तर?"

त्याने वल्हं आडवं ठेवलं. मग म्हणाला, "मी नाही विचारणार पुन्हा. तुला वाटेल तेव्हा तूच सांग."

दुपारी सगळा काठ माणसांनी फुलला. शिट्टी वाजली, आणि वकीलसाहेब सुसाट पुढे! केमीने दात आवळले. बेटाच्या वळणावर वकीलसाहेब वळून हात हलवायला गेले, अन् त्यांची डोंगी शिरली लव्हाळ्यात! त्यांची बायको वल्ह्याने त्यांनाच ढोसत होती.

"आता, केमी!"

"मार वल्हं, मास्तर! मार!"

हातांना फोड आले, अंगावरचे कपडे चिंब झाले. धक्क्यावर जोव्हियाताई चपला हातात घेऊन नाचत होती. "माझी बहीण गं! माझी बहीण!"

डोंगीचं टोक धक्क्याला थडकलं. पहिलं! काठावरून एकच आरोळी उठली. हसत होते सगळे, पण आज ते तिच्यासाठी हसत होते. आणि तिची मान ताठ होती.

मॅनेजरबाईंनी बक्षीस पुढे केलं. गळ्यात लाल फीत बांधलेली, बें बें करणारी एक गुबगुबीत शेळी.

मुगुमे डोकं खाजवत म्हणाला, "हिचं आता करायचं काय? अर्धी अर्धी तर वाटता येत नाही..."

केमीने दोरी त्याच्या हातात दिली. सगळ्यांच्या देखत, मोठ्या, स्वच्छ आवाजात म्हणाली, "हिला घेऊन आमच्या बाबांकडे जा. गाई मागून आल्या तरी चालतील."

मग बायकांनी असा काही गजर केला की टेकड्या दुमदुमल्या. मुगुमे नुसताच उभा — डोळे भरलेले, तोंड उघडं, हातात दोरी.

"अहो मास्तर," ती त्याच्या कानाशी कुजबुजली, "...आता तरी काही बोला!"

"कधी निघू?" तो म्हणाला.