लिनक्सवरची आत्या

भुताशी तिची पहिली भेट दुपारी चार वाजता, लख्ख उजेडात झाली. चहाच्या वेळेला येणारं भूत घरंदाजच म्हणायचं.

ती जुने फोटो दुरुस्त करायची. कुणाच्या आजोबांचा फाटलेला कान जोड, कुणाच्या आजीच्या गालावरची बुरशी काढ... दिवसभर संगत गेलेल्या माणसांची. नुकताच तिने एक जुना कॉम्प्युटर घेतला होता.

"विंडोज नाही, लिनक्स आहे," दुकानदार म्हणाला होता. "व्हायरसची कटकट नाही. फोटोंना जिंप, पत्रांना लिब्रेऑफिस, गाण्यांना व्हीएलसी. आधीच्या बाईंनी सगळं हौसेनं लावलंय. मी हातसुद्धा लावला नाही."

म्हणजे आधीचं काही पुसलंही नव्हतं. हे तो अभिमानाने सांगत होता.

त्या दुपारी ती जिंपमध्ये एका मिशीचा हरवलेला अर्धा भाग रंगवत होती, आणि पडद्याच्या कोपऱ्यातली पिवळी टिपणवही आपली आपणच उघडली. तिच्यात एक ओळ उमटली.

"आत्या... तू आहेस का?"

खिडकी बंद होती, तरी तिच्या मानेला गार लागलं. बिचारं भूत! आत्याला शोधता शोधता पत्ता चुकलेलं. अशांना दुखवू नये, एवढं तिला कळत होतं. तिने लिहिलं, "हो बाळा."

अजून तिशीही न गाठलेली मुलगी! पण भीती माणसाला एकदम वडीलधारी करून टाकते.

दुसऱ्या दिवशी, चारच्या ठोक्याला — "आत्या, पडद्याखालची पट्टी तू डावीकडे नेलीस? इथे माझीही सरकली."

सकाळीच नेली होती तिने. अंगावर काटा आला. "हो. डावीकडे बरी दिसते."

"तुला तर वर आवडायची."

"वाद नको, बाळा."

"तू वाद नको म्हणतेस? तब्येत बरी आहे ना?"

आठवडाभराने तिच्या पडद्यावरचं मागचं चित्रच बदललं. धुक्यातला एक पूल, आणि पुलावर कुणीही नाही. ती बराच वेळ बघत राहिली.

"कुठला रे हा?"

"माझ्या खिडकीतून दिसतो."

भुतांना खिडकी असते हे तिला नवीन होतं. "एकटाच बघतोस?"

"आत्यानं असं विचारू नये."

"मग कुणी विचारावं?"

वहीत भलतीच ओळ आली — "तू दिवसभर काय काय उघडतेस, ते सांग."

"सकाळी जिंप. जेवताना व्हीएलसी. चार वाजता ही वही. आणि तू?"

"उघडतो सगळंच. बघत बसतो फक्त वही."

त्या दिवसापासून पावणेचारला ती केस विंचरू लागली. कॉम्प्युटरला कॅमेरा नव्हता, हे तिला ठाऊक होतं.

दुसरा आठवडा संपता संपता ओळ आली, "उद्या चारला, तुझा कॉम्प्युटर विकला होता त्या दुकानात जातोय. तो कुणी नेला, ते विचारायला."

ती गार पडली. भुतं दुकानात जाऊन चौकशी करत नाहीत! म्हणजे हा जिवंत होता. गेली होती ती आत्या, आणि दोन आठवडे तिच्या जागेवर आपण बसून होतो. खरं सांगावं, तर त्याची आत्या दुसऱ्यांदा जाणार... आणि चार वाजता पुन्हा कुणी काही लिहिणार नाही. तिने "बाळा" लिहिलं, खोडलं, आणि कॉम्प्युटरची वायरच उपटून ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्याही आधी दुकानात पोचली. तो आला. काखेत लॅपटॉप, डोळ्यांत थोडं धुकं.

"तुमची आत्या... ती मी होते," ती एका दमात म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही भूत आहात. माफ करा."

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"कसं?"

"आत्यानं मला जन्मात कधी बाळा म्हटलं नाही. गाढवा म्हणायची." त्याने काउंटरवर लॅपटॉप उघडला. "आमची दोन्ही यंत्रं तिनंच जोडली होती. तिकडे काही केलं, की इकडे दिसायचं. ती गेल्यावर तोडवेना. एका दुपारी उगाच विचारलं, आणि उत्तर आलं."

"आत्या नाही हे कळूनही लिहीत राहिलात? कशासाठी?"

तो कानापर्यंत लाल झाला. "आज एक विचारणार होतो... जाऊ द्या. ही जोडणी तोडतो. तुमचा कॉम्प्युटर तुमचा."

नको, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळाने चार वाजवले आणि लॅपटॉपवर पिवळी वही आपली आपण उघडली.

"गाढवा, विचार की तिला."

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात काउंटरवर होते.

"माझा कॉम्प्युटर बंद आहे," ती कुजबुजली. "वायर काढलीये... कालपासून."

दुकानदाराने वाकून ओळ वाचली. "व्हायरस येत नाही, एवढंच मी म्हणालो होतो," तो म्हणाला, आणि दोन पावलं मागे सरकला.

मग भाच्याने तिला विचारलं. त्याचा आवाज कापत होता. प्रेमाने की भीतीने, ते त्यालाही सांगता आलं नसतं. ती "हो" म्हणाली आणि तिने त्याचा हात गच्च धरला. कारणं तिचीही दोन होती.

जोडणी तोडायची राहिली ती राहिलीच. संध्याकाळी घरी येऊन तिने वायर लावली. पट्टी डावीकडे नव्हती. ती वर जाऊन बसली होती.