लल्ला बतूलची दुसरी रोटी

भट्टीवाल्याच्या लक्षात माणसांची तोंडं नाही राहिली तरी चालतं, रोट्या राहायला हव्यात. मेक्नेस शहरातल्या आमच्या गल्लीत चाळीस घरं आहेत. प्रत्येक घरातली बाई सकाळी पीठ मळते, रोट्या थापते आणि फळीवर कापडाखाली झाकून माझ्याकडे आणते. दुपारच्या आत त्या भाजून ज्याच्या त्याच्या घरी जातात. कोण काट्याने टोचतं, कोण कडा दाबतं, सगळं मला पाठ आहे. तेवीस वर्षांत एकही रोटी चुकीच्या घरी गेलेली नाही. याचा मला गर्व आहे, लपवत नाही. गल्लीत मला सगळे मालेम म्हणतात, म्हणजे उस्ताद.

आमच्या घरच्या फळीवर पाच रोट्या येत. एक माझी, एक बायकोची, म्हणजे यामनाची, एक मुलाची, जवादची. तीळ लावलेली धाकट्या इल्हामची. पाचवीच्या मधोमध अंगठ्याचा ठसा असे. ती मी भट्टीच्या तोंडाशीच ठेवायचो आणि मऊ असतानाच काढायचो. डावा कोपरा तर तिला लागूच द्यायचा नाही. तिथे आच जास्त, रोटी करपते. बाहेरून पाहून हे कळत नाही.

बतूल ही गल्लीच्या टोकाला राहणारी विधवा; मान म्हणून सगळे तिला लल्ला म्हणतात. घरात एकटी, फळीवर एकच रोटी, आणि कटकट मात्र दहा घरांची. कधी कच्ची राहिली, कधी राख लागली. त्या मंगळवारी मात्र ती आवाज न चढवता म्हणाली, "मालेम, माझ्या दोन होत्या."

मी एकच घेतली होती. तसं तिला सांगितलं. ती जागची हलली नाही. मागे रांग वाढत गेली, बायका कुजबुजू लागल्या. गल्लीच्या तोंडाशी नुकतीच गॅसवरची बेकरी निघाली आहे. बतूलने घरोघर जाऊन माझ्या नावाने बोटं मोडली असती, तर निम्मी घरं तिकडे वळायला आठवडाही लागला नसता. मी आमच्या फळीवरची अंगठ्याच्या ठशाची मऊ रोटी उचलून तिच्या फळीवर ठेवली.

"चूक झाली, लल्ला. घ्या."

"माझीच ना?"

"तुमचीच."

बुधवारी तेच झालं, गुरुवारीही तेच. एक रोटी कमी का, याचं घरी मी काय कारण दिलं, आणि त्या तीन दिवसांत उपाशी कोण राहिलं, ते आता काही केल्या आठवत नाही.

शुक्रवारी भट्टी बंद असते. शनिवारी आमच्या फळीवर चार रोट्या आल्या.

बतूलच्या फळीवर दोन होत्या. त्यातल्या एकीच्या मधोमध अंगठ्याचा ठसा होता.

घरी गेल्या गेल्या मी यामनाला विचारलं, आज चारच का?

"आपण चौघंच की. पाचवी काय मांजराला घालायची?"

मी तिला फळी दाखवली. लाकडावर वर्षानुवर्षांचे वाटोळे डाग होते, पाच.

"जुनी फळी आहे," ती म्हणाली. "मी लग्न होऊन आले तेव्हा तुझ्या..."

ती मध्येच थांबली. पिठाने माखलेला हात तसाच धरून बराच वेळ फळीकडे पाहत राहिली. मग भांडी घासायला गेली. मला भीती वाटली, आणि कशाची ते सांगता येईना.

पुढच्या आठवड्यात बतूलची फळी एक म्हातारा घेऊन आला. दात नव्हते, भुवया झडलेल्या, कधीकाळी आचेने भाजल्यासारख्या. मी त्याला ओळखलं नाही. बतूल त्याच्या मागे उभी होती. आता आपली काही तक्रार नाही, असं ती शेजारणीला सांगत होती.

मी रोटी आत सरकवत होतो.

"अल्लाल," म्हातारा मला नावाने हाक मारून हळूच म्हणाला, "डाव्या कोपऱ्यात नको रे. करपेल."

त्या कोपऱ्याबद्दल मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला तरी ते कुणी सांगितलं? हे काम मी कुणाकडून शिकलो? त्या दिवसापासून रोज आठवायचा प्रयत्न करतोय. आठवतो तो फक्त भट्टीचा धूर.

महिनाभर सगळं सुरळीत चाललं. आज सकाळी बतूल पुन्हा आली.

"मालेम, माझ्या तीन होत्या."

रांगेत वीसेक बायका होत्या. देऊन टाक बाबा, एका रोटीसाठी किती खोळंबा, असं मागून कुणीतरी म्हणालं. बतूल माझ्याकडे पाहत नव्हती. ती आमच्या फळीवरच्या तिळाच्या रोटीकडे पाहत होती. तिच्या मागे म्हातारा मान खाली घालून उभा होता.

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. तेव्हा दिसलं, रोटी माझ्या हातात होती. कधी उचलली, कळलंच नाही.

मी मनात पोरीचं नाव घोकू लागलो. इल्हाम. इल्हाम.

तिसऱ्यांदा ते आठवायला मला थोडा वेळ लागला.