पुसलेली ओळ

माझी आणि सलिलची पहिली भेट झाली, तेव्हा तो पाणघोडा होता.

थट्टा नाही करत. आमच्या शिक्षकांच्या ऑनलाइन कोर्सची एक सामायिक फाईल होती. लॉग-इन न करता तिच्यात शिरलं, की तुमच्या नावाच्या जागी कुठला तरी प्राणी दिसतो. मी टिपणं वाचत होते, आणि 'अनोळखी पाणघोडा' अशी पाटी लावलेला एक जांभळा कर्सर माझ्या मागे मागे येत होता. मी थांबले की थांबायचा, खाली गेले की खाली यायचा. शेवटी न राहवून मी तिथेच टाइप केलं, "रस्ता सोडा."

"रस्ता सरकारी आहे," पाणघोडा उत्तरला. "आणि स्वतः कोण आहात ते बघितलंत का? शहामृग."

हा आगाऊपणा पुण्याच्या पेठेतलाच, हे मी तेव्हाच ओळखलं. पुढच्या आठवड्यात कोर्सच्या जोड्या लागल्या. शेफाली, मांजरी गाव, विज्ञान. सलिल, सदाशिव पेठ, गणित. प्रत्येक जोडीनं मिळून एक ई-पाठ तयार करायचा होता.

सलिलसाठी तो कोर्स म्हणजे हौस होती. माझ्यासाठी नव्हती. सहा वर्षं मी मांजरीच्या शाळेत दर जूनला नव्या करारावर सही करत होते. यंदा आमच्या मुख्याध्यापिका सरोजिनीबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "प्रमाणपत्र आणलंत तर कायम करू. नाहीतर दुसरीकडे बघा."

आमचा पाठ होता 'ऊस पाणी कसं पितो'. मजकूर मी लिहायचा, व्हिडिओ मी आमच्याच वावरात काढायचा, प्रश्न त्यानं करायचे. आणि समासात दोघांनी भांडायचं.

"हे वाक्य मुलांसाठी आहे की शासन निर्णय आहे?" तो लिहायचा.

"उसाला 'तुकडे' नसतात. कांड्या म्हणतात," मी लिहायचे.

"मी ऊस फक्त रसवंतीत पाहिलाय."

"मग या एकदा मांजरीला."

जांभळा कर्सर बराच वेळ नुसता लुकलुकत राहिला... "बोलावताय की दटावताय?"

"पाठ संपू दे, मग सांगते."

पण पाठ संपत आला, आणि माझं काहीतरी बिनसलं. एका दुपारी शेवटच्या प्रश्नाखाली मी लिहून टाकलं — 'सलिल सर, हा पाठ संपूच नये असं वाटतं. तुम्ही मला आवडता.' त्याला दाखवायचं नव्हतंच. लिपस्टिक लावून, आरशात बघून लगेच पुसावी, तसं नुसतं बघायचं होतं. पुसायला बोट नेलं आणि दिवे गेले. वायफाय गेलं. अर्धा तास मी मोबाईल उंच धरून ओट्यावर, अंगणात, गोठ्यापाशी रेंज शोधत फिरले. दिवे आल्याबरोबर ओळ पुसली. जांभळा कर्सर कुठेच नव्हता. सुटले बाई, असं वाटलं.

त्यानंतरच्या महिनाभरात त्याच्या शेऱ्यांतला तिखटपणा मात्र कमी झाला. कंटाळला असेल, अशी मी मनाची समजूत घातली. ती काही पटली नाही.

शेवटच्या शनिवारी सकाळी अकराला सादरीकरण होतं. पडद्यावर बत्तीस चौकटी आणि परीक्षक गोपाळकृष्ण सर. 'ठीक' या शब्दापलीकडे त्यांनी कुणाचं कौतुक केलेलं कुणी ऐकलं नव्हतं. पहिली जोडी माधव आणि उत्तरेश्वरची. त्यांचा पाठ सरांना कुठेतरी वाचल्यासारखा वाटला.

"फाईल स्क्रीनवर दाखवा," सर म्हणाले. "आता बदलांचा इतिहास उघडा."

उजवीकडे तारखांची यादी उघडली. कोणी काय लिहिलं ते ज्याच्या त्याच्या रंगात दिसत होतं. सगळं निळं, म्हणजे माधवचं.

"उत्तरेश्वर, तुमचा रंग दिसत नाही. आपण पारदर्शक आहात का?"

तेवढ्यात एक आडवी रेघ मारलेली ओळ वर आली. 'हा म्हातारा एवढं वाचणार आहे का?'

"वाचतो," सर म्हणाले. "आणि पुसलेलंही दिसतं बरं का. आता प्रत्येक जोडीनं इतिहास दाखवायचा. ज्याचा रंग नाही, त्याला प्रमाणपत्र नाही."

पुसलेलंही दिसतं! आमचा नंबर तिसरा होता.

मी सलिलला खासगी मेसेज टाकला. "तुम्ही फाईल दाखवू नका."

"का?"

"सांगता येणार नाही."

"सांगू नका. मला माहीत आहे."

म्हणजे यानं वाचलं होतं. वाचून महिनाभर गप्प बसला होता. गप्प बसणं म्हणजे नकारच ना? सभ्य माणसाचा नकार. मला रडू येत होतं, आणि कॅमेरा चालू होता.

"एक उपाय आहे," त्याचा मेसेज आला. "मी फाईलची प्रत काढतो, ती दाखवू. प्रतीला जुना इतिहास नसतो. तुमची ओळ कुणालाच दिसणार नाही."

"आणि माझं काम?"

"तेही दिसणार नाही. पण मी सरांना शपथेवर सांगेन."

"शपथेला ते मार्क देत नाहीत."

दुसरी जोडी संपत आली होती. मागे दार वाजलं. माझे वडील, आबा, शेतावरून जेवायला घरी आले होते. "आटपलं का गं तुजं?" मी हातानंच थांबा म्हटलं. ते तिथेच दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले.

"शेफाली आणि सलिल," सर म्हणाले. "सलिल, कॉम्प्युटरची सवय तुम्हाला दिसते. बहुतेक लेखन तुमचंच असणार, नाही का?"

माझं डोकं सणकलं. कडक उन्हात उसाच्या सरीत बसून मी तो व्हिडिओ काढला होता. एकेक परिच्छेद चार-चार वेळा लिहिला होता. लाजेपायी तो दुसऱ्याच्या नावावर जाऊ द्यायचा?

"फाईल मी दाखवते, सर," मी म्हटलं.

कोपऱ्यात त्याचा मेसेज चमकला. "उघडा. पण शेवटच्या नोंदीपर्यंत उघडा."

म्हणजे काय, ते विचारायला वेळ नव्हता. मी इतिहास उघडला. माझा रंग हिरवा. पानामागून पान हिरवं, मधे त्याचे जांभळे प्रश्न.

"हं," सर म्हणाले. "पुढे."

एक नोंद. आणखी एक. मग ती दुपार आली. हिरवी ओळ, तिच्यावर आडवी रेघ, आणि प्रत्येक अक्षर स्वच्छ वाचता येत होतं. कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. मी मान खाली घातली.

"पुढची नोंद," सर शांतपणे म्हणाले.

पुढची कुठली? त्यानंतर तर मी काही लिहिलंच नव्हतं. मी क्लिक केलं. दुसऱ्या दिवशीची सकाळ, नाव सलिलचं. एक जांभळी ओळ, तिच्यावरही आडवी रेघ.

'शेफाली, तुम्ही पुसलंत, म्हणून मीही पुसतोय. पण मलाही तुम्ही आवडता. ऊस बघायला मांजरीच्या बोलावण्याची वाट बघतोय.'

मी ती तीनदा वाचली. मग त्याच्या चौकटीकडे बघितलं. त्यानं चेहऱ्यावर हात ठेवला होता, पण कान लालबुंद झालेले दिसत होते. एवढा महिना हा माणूस उत्तर देऊन बसला होता, आणि मी वेडी त्याला नकार समजत होते!

गोपाळकृष्ण सर खाकरले. "हा भाग मूल्यमापनात येत नाही. दोघांचे रंग दिसले. लेखन मुख्यतः शेफालीचं आहे, माझा अंदाज चुकला. पाठ... चांगला आहे." मग चष्मा काढून म्हणाले, "सलिल, तुम्ही गणित शिकवता ना? उत्तर बरोबर असलं तर खोडायचं नसतं."

बत्तीस चौकटी एकदम हसल्या. हसता हसता माझे डोळे भरून आले.

"कोन गं ह्यो सलिल?" मागून आबा.

ते अजून तिथेच उभे होते, हे मी विसरलेच होते. "गणिताचा मास्तर हाय, आबा," मी म्हटलं.

आबांनी पडद्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. "ऊस बघायचाय म्हनतोय न्हवं? मग तोड सुरू व्हायच्या आत ये म्हनावं. मागनं येऊन काय धसकटं बघनार हाय का?" आणि ते हात धुवायला निघून गेले.

मीटिंग संपली. चौकटी एकेक करून विझल्या. फाईल मात्र उघडीच होती. शेवटच्या प्रश्नाखाली जांभळा कर्सर आला, लुकलुकला, आणि अक्षरं उमटली.

'उद्या येऊ?'

मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. एक मिनिट गेलं, दोन गेली. ती ओळ तिथेच होती.

मी तिच्याखाली लिहिलं, 'या.' आणि पुसलं नाही.