बंद पेटीतला श्वास

यातला एकही शब्द पदरचा नाही. त्या दुपारी माझ्यासोबत माझी वहिनी होती. तिच्यासमोर मी हा विषय आजही काढत नाही.

शनिवार होता. साडेतीन वाजले होते. आमची प्रयोगशाळा, दुसरा मजला.

मी गॅस ओळखणारे स्वस्त सेन्सर बनवते. कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांची काळी शाई कागदाच्या पट्टीवर फासायची, दोन तारा जोडायच्या. गॅस लागला की आकडा चढतो, भोंगा वाजतो.

खोट एकच. दमटपणा.

नुसती फुंकर मारली तरी आकडा उडी मारतो.

पहिला सेन्सर मी माझ्या मोठ्या भावाला दिला. दादा एका लॉन्ड्रीत बॉयलर सांभाळायचा. तिथे धुरातला विषारी वायू साचायची भीती. त्याला ना रंग, ना वास. पण वाफ इतकी, की सेन्सर दिवसातून दहादा बोंबलायचा.

"शास्त्रज्ञबाई, तुमचं लेकरू फार रडकं आहे हो!" दादा फोनवर हसायचा.

"वाफेमुळे होतं रे. लक्ष देऊ नकोस."

मीच म्हणाले होते.

अकराव्या दिवशी तो वाजला, तेव्हा बॉयलरचं धुराडं खरंच तुंबलं होतं.

दादाच्या सोबत्याने नंतर सेन्सर आणून दिला. मान खाली घालून म्हणाला, "बराच वेळ वाजत होता, ताई. तो म्हणाला, बहीण सांगते वाफ आहे."

हे मी घरी कुणालाच सांगितलं नाही.

दादा गेल्यावर महिन्याभराने तो सेन्सर मी भोंगा काढून काचेच्या पेटीत बंद केला. आत यंत्रातून सुकवलेली हवा सोडली. ओलावा जवळपास शून्य. पडद्यावर त्याच्या आकड्याची रेघ सरळ.

तेवढ्यात वहिनी आली. पर्स मांडीवर ठेवून बसली.

"एकच विचारायचंय. त्या दिवशी... वाजला होता का गं?"

मी तोंड उघडलं. आणि...

रेघ वर गेली.

खाली आली. पुन्हा वर. पुन्हा खाली.

मी नळी तपासली. झाकण दाबून पाहिलं. सगळं घट्ट होतं.

वर... खाली... वर... खाली...

मग थांबली. बराच वेळ थांबली.

आणि एकदम उंच उडी.

वहिनी उठून उभी राहिली.

"हा तो आहे."

"वहिनी, अगं, यंत्र आहे ते..."

"झोपेत श्वास असाच घ्यायचा. मध्येच अडकायचा. मी कोपराने ढोसायचे, मग घ्यायचा पुढचा. अकरा वर्षं शेजारी झोपले मी. मला शिकवू नकोस."

रेघ पुन्हा थांबली होती. वहिनीने काचेवर बोटाने टकटक केली. हळूच.

"घे ना रे... पुढचा घे."

उडी.

माझा बांध फुटला.

"वाजला होता, वहिनी. त्याने ऐकला होता. मीच त्याला लक्ष देऊ नको म्हणाले होते."

रेघ खाली आली... आणि सरळ झाली.

वहिनीने टकटक केली. पुन्हा केली. मग तळहाताने काच बडवली.

"घे ना! अरे, घे ना!"

काही नाही.

शेवटी तिने पर्स उचलली. माझ्याकडे पाहिलं नाही. दारात थांबून एवढंच म्हणाली, "तू बोलायला नको होतंस. अजून थोडा वेळ थांबला असता तो."

ती गेल्यावर मी पेटी उघडली.

झाकण आतून ओलं होतं. आणि... कोमट.

याला तीन वर्षं झाली. त्या सुकवलेल्या हवेत पाणी कुठून आलं, हे आमच्या विभागात कुणालाच सांगता आलं नाही. मला तर तेही नको आहे. दादाने माझी कबुली ऐकून मला माफ केलं, की ती ऐकूनच तो रागावून निघून गेला...

एवढं कुणीतरी सांगावं.