सासऱ्यांनी नापास केलेल्या पुंगळ्या

हे खरं आहे. माझी बायको रीना साक्षीदार आहे, आणि ती सहसा माझ्या बाजूनं बोलत नाही.

कालचीच गोष्ट. नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार. अमेरिकेतल्या माँटानातलं आमचं घर, खाली तळघर. दुपारचे साडेचार, बाहेर बर्फ.

आज शिकारीच्या हंगामाचा शेवटचा दिवस. माझी मुलगी जोलीन पहिल्यांदाच एल्क, म्हणजे इथलं मोठं हरीण, मारायला जाणार होती. मी तिच्यासाठी गोळ्या भरत होतो.

झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा भरता येते. पण चार-पाच वेळा वापरली की तिची तोंडाकडची निमुळती मान कडक होऊन तडकते. म्हणून मान ज्योतीवर तापवून मऊ करायची, मग साच्यात दाबून मापात आणायची.

फक्त मान. बूड तापून मऊ पडलं, तर बंदूक तोंडावर फुटते.

माझे सासरे हार्लन दोन वर्षांपूर्वी वारले. ते पुंगळीचं बूड उघड्या बोटांत धरून मान मेणबत्तीवर फिरवायचे.

"जावईबापू, चटका बसला की पाण्यात सोडायची. बोटं खोटं बोलत नाहीत."

"तुमची बोटं नाहीत, चिमटे आहेत," मी म्हणायचो.

मी पुंगळी ड्रिलला लावून फिरवतो. गॅसची ज्योत. सहा आकडे मोजायचे, पुंगळी पाण्याच्या बादलीत टाकायची. पितळेची लाली दिसावी म्हणून दिवा बंद.

एक… दोन… तीन…

"लोवेल! जेवायला येतोस की तिथंच ताट आणू?" जिन्यावरून रीना.

"आणतेस कशाला, ओरडूनच भरव!"

वळून बघतो, तर पुंगळी बुडापर्यंत लाल.

घाबरून टाकली बादलीत. छिस्स… बाकीच्या एकोणपन्नासांत.

मग जेवलो, भांडलो, आणि सवयीनं सगळ्या पुंगळ्या घासून लख्ख केल्या. जळकी कोणती, हे सांगणारा डागच मी पुसला होता.

एका चुकीपायी पन्नास टाकायच्या? मी बादली ओतली, आणि मान दाबायला साचा लावला.

सात वाजले असतील. दिवा गेला.

आधी वास आला… मेणबत्तीचा.

मग मागून कुणीतरी हळू म्हणालं… "चार… पाच…"

छिस्स.

बादली कोरडी होती. मीच ओतली होती.

मला वाटलं, म्हातारा वाईट तेवढी काढून नेतोय. खोटं कशाला सांगू, बरंच वाटलं.

पण आवाज थांबला नाही.

छिस्स… छिस्स… मी मोजत गेलो. पन्नास वेळा.

"खाली कुणाशी बोलतोयस?" रीना टॉर्च घेऊन उतरली, आणि तिथंच थबकली. "हे… बाबांचं मोजणं आहे."

टॉर्चच्या उजेडात दिसलं. पन्नासच्या पन्नास पुंगळ्या कोरड्या बादलीत. हाताला गरम. प्रत्येकीचं तोंड चेपलेलं, पुन्हा भरताच येऊ नये असं.

जोलीनला दुकानातून गोळ्या आणून दिल्या. ती कुरकुरली, पण गेली.

जळालेली तर एकच होती ना? मग सगळ्याच का?

तेव्हा शेजारच्या व्हर्नची आठवण झाली. दुसऱ्याच्या हातच्या गोळ्या झाडू नयेत, असं आमच्याकडे सगळेच सांगतात. तरी त्यानं गळ घातली आणि मी फुगलो. गेल्या महिन्यात त्याला साठ भरून दिल्या. त्याच ड्रिलवर, तेच सहा आकडे मोजून.

काल रात्रीच फोन करायला हवा होता. पण गावात मी या कामातला उस्ताद म्हणवतो. तोंडानं कसं सांगू?

आज सकाळी नऊला केला. त्याच्या बायकोनं, इडानं उचलला.

"इडा, व्हर्नला सांग, माझ्या गोळ्या…"

"तो पहाटेच डोंगरात गेला. खिसा भरून घेऊन गेलाय तुझ्या गोळ्या. लोवेल, एक विचारू? घरात मी एकटी आहे. मग खाली गॅरेजात… आकडे कोण मोजतंय?"

व्हर्नचा फोन डोंगरात लागत नाही. त्याची मुलं ट्रक घेऊन त्याला शोधायला गेलीत.

मी फोनजवळ बसून हे लिहितोय. बारा वाजून गेले.