मामांचा हुंकार

थापा मारून मला काय मिळणार? माझ्या मामेबहिणीच्या बाबतीत हे घडलंय, आणि शेवटचं तर मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

घरात तिला सगळे बडबडी म्हणतात. एका छोट्याशा विद्यापीठात ती जगाचा इतिहास शिकत होती. वर्गात मुलं पाच, शिकवायला एकटे सर.

अभ्यासाची तिची तऱ्हाच वेगळी. धडा वाचायचा आणि मामांना गोष्टीसारखा सांगायचा. मामा शिंपी. मशीन चालवता चालवता "हं... हं..." असा हुंकार द्यायचे. गोष्ट संपली की म्हणायचे, "चला, सुटले बिचारे," आणि उठून जायचे.

एका रात्री पहिल्या महायुद्धाची गोष्ट चालली होती. सैनिक चिखलातल्या खंदकांत अडकलेले. तेवढ्यात मामीने जेवायला हाक मारली आणि धडा अर्धाच राहिला.

सकाळी मामा उठलेच नाहीत.

बडबडीची वाचाच बसली. घरात कुणाशी धड बोलेना. त्यात तोंडी परीक्षा आली. नापास झाली तर वर्ष बुडणार होतं. आणि सरांनी नेमकं तेच महायुद्ध विचारलं.

भरदुपारची वेळ. खोलीत ती आणि सर, दोघंच.

चाचरत, अडखळत ती खंदकांपर्यंत आली आणि थांबली. पुढे शब्दच फुटेना.

तेवढ्यात मागच्या बाकावरून...

"हं."

सरांनी दचकून मान वर केली. उठून मागे बघून आले.

कुणीच नव्हतं.

बडबडीने मात्र तो आवाज ओळखला. डोळ्यांतून धारा लागल्या, आणि ती बोलत सुटली. प्रत्येक वाक्याला मागून हुंकार येत होता. सर पांढरेफटक पडले होते, पण तिला थांबवायची त्यांची छाती झाली नाही.

सैन्यं मागे हटली. तहाची बोलणी झाली. आता एवढंच सांगायचं उरलं, की युद्ध संपलं.

आणि तिच्या लक्षात आलं...

गोष्ट संपली की बाबा उठून जातात.

तिने तोंड मिटलं. सर काकुळतीला आले, शेवट तर शेंबडं पोरही सांगेल म्हणाले. ती नुसती मान हलवत राहिली.

वर्ष बुडालं.

मामीने आकांत केला. बापाने डोळे फोडून शिकवलं ते याचसाठी का, म्हणाली. तिला चार शब्द समजावायला मला बोलावून घेतलं.

गेलो, तर आतल्या खोलीत बडबडी बंद मशीनसमोर बसून तेच युद्ध सांगत होती. मामी तणतणत दार ढकलून आत जायला निघाली.

आतून...

"हं."

मामीने माझं मनगट घट्ट धरलं. मला पळावंसं वाटत होतं, पण पाय हलेनात. आत बडबडी तहापर्यंत आली होती, आणि हळूहळू अडखळायला लागली होती.

मामीने डोळे पुसले. दाराआडूनच म्हणाली,

"बाळा, मला मधलं काही कळलं नाही गं. पुन्हा पहिल्यापासून सांग."