मिठाच्या कोठडीचे दार

मी भुतांवर विश्वास ठेवत नाही. हे वाक्य मी आजही खोडणार नाही.

तरीही पुढे लिहिलेला प्रत्येक शब्द खरा आहे.

मला ताप नव्हता. मी उपाशी नव्हते. आणि ती रात्र नव्हती, भर दुपार होती. रात्रीची वाट पाहणाऱ्या वाचकांची निराशा होईल, पण आपल्या किनाऱ्यावर अमावास्येच्या उधाणाची भरती भर दुपारीही लागते. त्याला माझा इलाज नाही.

वैशाख अमावास्या. जागा द्रोणागिरीच्या पलीकडची. गावाचे नाव देत नाही. दिले, तर तुमच्यापैकी निम्मे लोक येत्या रविवारी गाडी काढून तिथे जातील, आणि मला नेमके तेच नको आहे.

माझे काम जुन्या दगडी इमारतींमधली ओल मोजण्याचे. भिंतीत पाणी कुठून शिरते, कुठवर चढते, वाळताना मागे किती मीठ ठेवते. भिंतीवर फुलणाऱ्या त्या पांढऱ्या थराला आपण लोणा म्हणतो. मी पदार्थविज्ञान शिकले आणि आयुष्य लोणा खरवडण्यात घालवले. तक्रार नाही. माणसांपेक्षा लोणा बरा. पाणी जिथवर आले, तिथवरच तो असतो. उगाच वाढवून सांगत नाही.

तर ती इमारत.

कंटेनरच्या गोदामांमागे, भराव टाकून सपाट केलेल्या जमिनीत, ती काळी दगडी वास्तू गुडघ्यापर्यंत रुतल्यासारखी उभी आहे. गोऱ्या सरकारच्या मीठ खात्याचा कैदखाना. स्वतःच्या हाताने पिकवलेले मूठभर मीठ कर न भरता घरी नेले, म्हणून मिठागरातली माणसे इथे डांबली जात. गावात तिला मिठाची कोठडी म्हणतात.

ती बांधली भरतीच्या पातळीखाली. चुकून नव्हे. तिथली जमीन फुकट होती.

उधाण आले की जमिनीतून पाणी वर येई. कैदी रात्ररात्र गुडघाभर पाण्यात उभे राहत. भिंतींवर त्या पाण्याच्या रेषा अजून आहेत, एकावर एक. मी त्या मोजल्या आहेत. सर्वांत वरची रेषा माझ्या डोक्याच्याही वर आहे.

त्या रेषेचा अर्थ मला सगुणामावशींनी सांगितला.

मावशी त्याच गावच्या. सत्तरीच्या, काटक, तोंडाने फटकळ. पहिल्या भेटीत मी भिंतीला यंत्र टेकवून उभी होते, तर मागून आवाज आला,

"काय ग बाय, भितीला ताप आलाय का?"

मी हसले. मग त्या उंबरठ्यावर बसल्या आणि बोलल्या.

"माज्या आजाला हितं कोंडला होता. वामन त्याचा नाव. एका उधानाला बांध फुटला. जमादार कुलूप लावून जेवाला गेलेला, चावी त्याच्या कमरेला. पानी चढत गेला. आतल्यांनी हाका मारल्या, मारल्या... कोन येतंय? मंग त्यांनी आजाला खांद्यावर घेतला, त्या जरोक्यापाशी. तो सगल्यांत बुटका. त्याचा एकट्याचा तोंड पान्याच्या वर ऱ्हायला."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे खाली. खांदे द्याला." मग त्या पदराआड हसल्या. "बुटका म्हनून वाचला. नायतर मी कुठली?"

"जमादाराचं काय झालं?"

"काय व्हनार? बदली केली त्याची."

शंभर वर्षांत या देशात पुष्कळ काही बदलले. ही पद्धत तेवढी टिकून आहे.

सुटून आल्यावर वामनने गावकऱ्यांसह कोठडीचे दार उखडून खाडीत टाकले. तेव्हापासून त्या चौकटीला कोणी दार लावले नव्हते. आणि प्रत्येक उधाणाला, भरती लागताना, वामनच्या घरातली एक बाई उंबरठ्यावर येते. आत पाहून म्हणते, "उघडं हाय, या." आणि मागे न पाहता घरी जाते.

आईनंतर ते काम सगुणामावशींकडे आले. मी ते लोकरीत म्हणून ऐकले, आदराने ऐकले, आणि पुन्हा ओल मोजू लागले.

आता विपुलविषयी. त्याच्या कंपनीने ही जागा भाडेपट्ट्याने घेतली होती. कंपनीचेही नाव देत नाही; जाहिरातीला तो माझा हातभार नको.

"मॅडम, लोकांना एक्सपिरियन्स पाहिजे," तो मला म्हणाला होता. "कैद्याचे कपडे, जर्मलची थाळी, दोन तास कोठडीत बंद. बाहेर आले की सेल्फी पॉइंट. वीकेंडला नुसती लाइन लागेल बघा."

"इथे माणसं बुडून मेली आहेत."

"तेच ना! कंटेंट आहे तो."

इमारत सुरक्षित आहे असा माझा दाखला त्याला हवा होता, आणि माझ्या पहिल्याच पत्रात मी लिहिले होते की माणूस आत असताना दाराला कुलूप घालू नये. तो "हो हो मॅडम" म्हणाला होता.

अमावास्येच्या दिवशी मी शेवटच्या मोजणीसाठी गेले. सोबत मनाली होती. विपुलच्याच ऑफिसात जाहिरातीचे काम करणारी, माझ्यासारखीच नेरूळची. तिला माझ्या गाडीतून नेले. वाटेत ती आईशी फोनवर भांडत होती. डब्यात पुन्हा दुधी होता, म्हणून.

पोहोचले, तो चौकटीला नवे दार. जाड सागवानी. बाहेरून कडी, कोयंडा आणि हातभर कुलूप.

"ऑथेंटिक!" विपुल म्हणाला.

"मी काय लिहिलं होतं?"

"फक्त ट्रायल आहे, मॅडम. मनाली दहा मिनिटं आत बसेल, रील बनवेल. टेन्शन काय घेता?"

मनालीने माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. "दुधीपेक्षा बरं आहे, मॅडम."

कुलूप लागले.

विपुलचा फोन वाजला. गुंतवणूकदार मुख्य रस्त्यावर वाट चुकले होते. "आलोच," म्हणत तो गाडीत बसला आणि गेला.

चावी त्याच्या खिशात होती.

ते माझ्या लक्षात आले तेव्हा धूळसुद्धा खाली बसली होती. मी फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. नाही.

मी मनालीला काही सांगितले नाही. घाबरण्यासारखे काही नव्हते. कोठडी कोरडी होती, झरोक्यातून हवा येत होती. खाडी भरावामुळे फार दूर गेली होती. बांधातून पाणी आत घेणारी जुनी लाकडी दारे, ज्यांना इथे उघाडी म्हणतात, केव्हाच काँक्रीटने बुजवली होती. ती मी स्वतः पाहिली होती. पाण्याला आत यायला वाट नव्हती.

हे मी पुन्हा लिहिते. वाट नव्हती.

आत मी हवेतली आर्द्रता मोजणारे छोटे यंत्र ठेवले होते. त्याचा आकडा माझ्या मोबाइलवर दिसतो. मी सहज पाहिले.

आकडा वाढत होता.

एका माणसाच्या श्वासाने वाढतो, त्याहून वेगाने. मग तो शंभरावर पोहोचला... आणि तिथेच थांबला.

यंत्र बिघडले, असे मी ठरवले.

"मॅडम?" आतून मनाली. "इथे खाली ओलं आहे का हो?"

"नाही. कोरडं आहे."

"माझे बूट भिजलेत."

ती रीलसाठी बोलते आहे, असे मला वाटले.

मग आवाज आला... पाण्यात पाय ओढत चालल्याचा.

एका माणसाचा नव्हे.

"मॅडम, हे गंमत नाहीये. पाणी आहे. गार आहे. दार उघडा ना!"

मी कुलूप ओढले. ते काय निघणार? मनालीने आतून दारावर मुठी मारायला सुरुवात केली. ते कंपन माझ्या तळव्यांना जाणवत होते.

मग एकाएकी ठोके वाढले. खालून, वरून, दोन्ही बाजूंनी.

आत एकच मुलगी होती. दोन हातांची.

आणि मग... सगळे थांबले.

ठोके नाहीत. पाण्याचा आवाज नाही. मनालीचा आवाज नाही.

मी तिला हाका मारल्या. मारल्या. उत्तर आले नाही. माझ्या आयुष्यातली सर्वांत लांब शांतता ती होती. तिच्या आईला काय सांगायचे, हा विचार माझ्या मनात येऊन गेला, हे मी लपवत नाही.

"मॅडम..."

आवाज इमारतीच्या मागून आला. वरून. मी धावत वळसा घातला.

मागच्या भिंतीत, छपराखाली, झरोका आहे. आतल्या जमिनीपासून इतका उंच, की उंच माणसानेही हात वर केला तरी पोहोचू नये. आत खुर्ची नाही, पेटी नाही, खुंटीसुद्धा नाही.

झरोक्याच्या गजांना मनालीची बोटे होती. गजांमागे तिचा चेहरा होता. केसांतून पाणी ठिबकत होते.

"मनाली, तू कशावर उभी आहेस?"

तिचे दात वाजत होते.

"कोणाच्या तरी... खांद्यावर."

मी म्हणाले, "खाली बघू नकोस."

का म्हणाले, ते मला माहीत नाही. ती शास्त्रीय सूचना नव्हती.

"ते हलत नाहीयेत, मॅडम. घट्ट धरलंय मला. पण... ते श्वास नाही घेत."

बांधकामाच्या सामानात मला पहार सापडली. ती घेऊन दाराकडे आले, तर सगुणामावशी समोरून येत होत्या. त्यांच्या नेहमीच्या कामाला. त्यांनी दार पाहिले, कुलूप पाहिले, आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

"कोनी लावला?"

"मनाली आत आहे!"

त्यांनी एक शिवी हासडली. ती मी इथे लिहीत नाही, पण तिचा एकही शब्द अनाठायी नव्हता. दोघींनी मिळून पहार कोयंड्यात घातली आणि सर्व भार टाकला. लाकूड फाटले. दार उघडले.

"उघडं हाय!" मावशी ओरडल्या. "उघडं हाय, या रं! या!"

माझ्या अंगावरून काहीतरी गेले. गार, दमट. मी त्याला वारा म्हणते. माझ्याकडे दुसरा शब्द नाही.

आत... जमीन कोरडी होती.

सिमेंटची बारीक धूळ जशीच्या तशी होती. तीत मनालीच्या बुटांचे ठसे दारापासून झरोक्याखालपर्यंत गेले होते आणि तिथे संपले होते. दुसरे एकही पाऊल नव्हते. मनाली भिंतीला टेकून उभी होती, नखशिखान्त चिंब. तिच्या कपड्यांतून गळणारे पहिले थेंब माझ्या डोळ्यांदेखत त्या कोरड्या धुळीत पडत होते.

आम्ही तिला उन्हात बसवले. मावशींनी आपला पदर तिच्या डोक्याला बांधला.

मे महिन्याचे ऊन. कपडे लवकर वाळले. आणि पाणी वाळले की मीठ उरते.

मनालीच्या दोन्ही घोट्यांवर लोणा फुलला. पांढरा, बारीक.

बोटांच्या आकारात.

डाव्या घोट्यावरचा पंजा मोठा होता. उजव्यावरचा लहान, एक बोट कमी असलेला. ते मीठ मी नंतर तपासले. घाम नव्हे. समुद्राचे पाणी.

विपुल गुंतवणूकदारांना घेऊन परतला. आधी त्याने दाराकडे पाहिले.

"अहो मॅडम, दार फोडलं? कालच बसवलं होतं!"

मग मनालीकडे.

"काय झालं हिला?" आणि मी तोंड उघडण्याआधीच, "रेकॉर्ड झालं का पण?"

मी आयुष्यात कोणावर हात उगारलेला नाही. त्या दिवशी माझ्या हातात पहार होती, आणि सगुणामावशींनी ती माझ्याकडून काढून घेतली. "दे हिकरं बाय," इतकेच म्हणाल्या.

मी दाखला दिला नाही. कंपनीने तो दुसऱ्या कोणाकडून मिळवला. मी तक्रारी केल्या. उत्तर आले की तिथे पाणी शिरणे अशक्य आहे, आणि पुरावा म्हणून माझ्याच मोजणीचे आकडे जोडले होते. मनालीने नोकरी सोडली. ती आता घरात कोणत्याही खोलीचे दार लावू देत नाही. न्हाणीघराचेही नाही. तिची आई बाहेर पाठ करून बसते.

जागा नुकतीच सुरू झाली. दार आता लोखंडी आहे. जाहिरातीत लिहिले आहे, 'इथे खरंच कोणीतरी आहे.'

आहे. जे आहेत, त्यांनी एका अनोळखी मुलीला खांद्यावर उचलून धरले. पाण्याखाली उभे राहून. दुसऱ्यांदा. मला त्यांची भीती वाटत नाही. कुलूप लावून जेवायला जाणाऱ्यांची वाटते.

मागच्या आठवड्यात मी मावशींना भेटायला गेले. त्या आवाराच्या नव्या भिंतीबाहेर उभ्या होत्या. रखवालदार त्यांना आत सोडत नाही. तिकीट लागते.

"भरतीला इथूनच ओरडता का?" मी विचारले.

त्यांनी मान हलवली.

"नाय ओरडत. आता कुलूप असतंय ना थितं." "शंबर वर्सं आमच्या घरानं त्यांना खरा सांगितला. आता कुलूप असताना उघडं हाय कसा म्हनू, बाय? त्यांनी इश्वास ठेवला न् दारापाशी आले तर?"

मी फोन काढून त्या जागेचे वेळापत्रक उघडले.

पुढचे उधाण अमावास्येला आहे, दुपारी. त्या वेळेचे बुकिंग फुल आहे. मी तपासले.

कोठडीत एका वेळी आठ जणांना बंद करतात.

आणि झरोका एकच आहे.